जोडलेल्या विहिरी

नोटीस गुरुवारी सकाळी चिकटवली गेली आणि शुक्रवारी भर दुपारी वरच्या मोहल्ल्यातली सहा-सात माणसं सब्बल-फावडी घेऊन खालच्या वस्तीत शिरली. रामाजीचं अंगण त्यांनी विहिरीपासून उंबऱ्यापर्यंत उकरून काढलं. विहिरीचा कठडा दोन बाजूंनी फोडला. रामाजी आडवा आला तेव्हा कोणीतरी त्याला ढकललं आणि तो फुटलेल्या विटांवर असा पडला की डाव्या मनगटाचं हाड मोडलं. त्याची बायको जाऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते.

ती माणसं पाइप शोधत होती.

गिरिधर भोयर या वेळी कचेरीत बसून पुढच्या महिन्याच्या टँकरांचं वेळापत्रक मराठीत करत होता. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. ती नोटीस त्यानेच लिहिली होती.

ते त्र्याहत्तर साल. सक्करदऱ्याच्या तलावाकडे जमीन उतरत जाते तिथे हे दोन मोहल्ले होते. मधे दोनशे पावलांचं अंतर, एक नाला आणि बाभळीची पाच-सहा झाडं. वर कुणबी-तेल्यांची घरं, त्यांची जुनी दगडी विहीर. खाली छप्पन साली बुद्धाला शरण गेलेल्यांची वस्ती. पूर्वी ही माणसं वरच्या विहिरीपाशी घागरी ठेवून उभी राहायची आणि वरच्या कोणाला सवड झाली, दया आली, की वरून पाणी ओतलं जायचं. छप्पननंतरच्या उन्हाळ्यात ते उभं राहणं बंद झालं. रामाजी तरुणपणी गावोगाव विहिरी खोदायच्या टोळीत होता. त्याने वस्तीतली वीस माणसं हाताशी धरली आणि पाच महिन्यांत बेचाळीस हातांवर पाणी काढलं.

कावीळ आली ती त्र्याहत्तरच्या एप्रिलच्या शेवटी. वर अकरा जण पडले, खाली एकोणीस. गिरिधरची बायको कौसल्या त्या अकरांतली. ती उठू लागली होती, पण डोळ्यांचा पिवळेपणा गेला नव्हता. खालचे दोघं गेले. एक म्हातारा आणि रामाजीची बायको पार्वतीबाई. मग पाणीखातं जागं झालं, दोन्ही विहिरींवर फळ्या ठोकल्या गेल्या, नाल्याशेजारी टँकर उभा राहू लागला आणि कचेरीतल्या पांढरीपांडे साहेबांनी दहा-बारा दिवस खपून पाण्याची तपासणी केली. अहवाल अर्थातच इंग्रजीत. त्याची नोटीस मराठीत करायची होती, आणि तेच गिरिधरचं काम.

या कामाचा त्याला मोठा अभिमान. सरकारी कारभार मराठीत आला तेव्हा कचेरीत कोणाला चार ओळी धड लिहिता येत नव्हत्या. गिरिधरने एक वही केली होती. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी, नऊशेच्या वर भरले होते. साहेब लोक त्याला थट्टेने ‘शब्दवैद्य’ म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं.

शुक्रवारी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याची आई, रंभाबाई, ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "सापडला नाई म्हन्ते. पन असन कुठंतरी. खोल पुरला असन."

"काय सापडला नाही?"

"पाइप."

"कोणता पाइप?"

"घ्या! तुयाच कचेरीचा कागद हाय ना बाप्पा. इहिरी जोडल्या म्हनून. चंपतरावाच्या भावानं चौकात वाचून दाखवला साऱ्यायले. खालच्यायनं आपल्या इहिरीले पाइप जोडून पानी वढलं, अन् त्याच्यातूनच त्यायची घान इकडं आली. गेले होते पोरं पाह्याले."

गिरिधर चप्पल काढता काढता थांबला. "आई, पाइप जोडला असं कुठंच लिहिलं नाही त्यात."

"‘जोडलेल्या आहेत’ असं हाय का नाई?"

"आहे."

"मंग? जोडल्या म्हन्जे कोनी तं जोडल्या असन. आपोआप जुडते का?"

ती सूप पाखडू लागली. गिरिधर आत गेला, तांब्याभर पाणी प्यायला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. आई सांगत राहिली: कठडा फोडला, म्हातारा पडला, हात मोडला, पोलीस येऊन गेला. तिच्या आवाजात आनंद नव्हता, पण हळहळही नव्हती. अंथरुणावर उठून बसलेल्या कौसल्येने त्याच्याकडे पाहिलं.

"तुमी लिवला का तो कागद?"

"हो."

"मंग जाऊन सांगा ना, पाइपाचं काई नाई म्हनून."

तो तसाच चपला घालून चंपतरावांकडे गेला. चंपतराव शेजारचेच. विटा-सिमेंटचं दुकान, मोहल्ल्यात शब्दाला वजन. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच पुढाकार घेऊन मागच्या बोळात संडासाची मोठी टाकी बांधून घेतली होती. तिच्यावर तीन घरांचे संडास होते: चंपतरावांचा, त्यांच्या भावाचा आणि गिरिधरचा. टोपलीचे संडास गेले, डोक्यावरून मैला वाहणं गेलं, याचं गिरिधरला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

"या, या," चंपतराव म्हणाले. "कागद मस्त लिवला तुमी."

"त्याचा अर्थ तसा नाही, चंपतराव. विहिरी आतून जोडलेल्या आहेत. जमिनीतून. झरे असतात तसं."

"असं? मंग तसं लिवाचं होतं."

"तुमच्या भावाने वाचून दाखवला, आणि त्या म्हाताऱ्याचा हात मोडला."

चंपतरावांनी पानाचा डबा पुढे ओढला. "कोनी मोडला नाई. तो पडला. अन् हे पाहा गिरिधरराव, शब्द तुमचा. आमी जसा वाचला तसा समजलो. आता तुमी म्हन्ता अर्थ वेगळा, तं लोक म्हन्तीन, खालच्यायनं कचेरीत जाऊन काई तरी केलं. राहू द्या ना आता. चार दिवसांत सारे इसरून जाते."

गिरिधर परतला. जेवायला बसला आणि उठला. रेडिओ लावला, बंद केला. तो शब्द त्याने बुधवारी चार वाजता, जास्तीत जास्त दोन मिनिटांत लिहिला होता. अहवालात शेवटी एकच निष्कर्षाचं वाक्य होतं, की दोन्ही विहिरी आणि लगतची बांधकामं इंटरकनेक्टेड आहेत. वहीत त्या शब्दासमोर ‘परस्परसंबद्ध’ लिहिलेलं होतं. पण तो शब्द चौकात कोण वाचणार आणि कोणाला कळणार? शिवाय साहेबांनी बजावलं होतं, चार ओळींच्या वर नको, लोक लांब वाचत नाहीत. म्हणून त्याने सोपा शब्द घेतला: ‘दोन्ही विहिरी एकमेकींना जोडलेल्या आहेत, तरी कोणीही पाणी वापरू नये.’ लगतची बांधकामं जागेअभावी गाळली. आपण लोकांना समजेल असं लिहिलं, याचं समाधान घेऊन तो त्या दिवशी सायकलवर बसला होता.

शनिवारी अर्धा दिवस कचेरी. गिरिधर तासभर आधीच पोहोचला. चपराशाकडून कपाटाची किल्ली घेतली आणि त्या अहवालाचं बाड काढलं. बुधवारी त्याने फक्त निष्कर्षाचं पान वाचलं होतं. आता पहिल्यापासून वाचू लागला. मागे एक तक्ता जोडला होता. तपासणी कशी केली ते त्यात होतं: एका जागी पाण्यात हिरवा रंग सोडायचा आणि तो कुठे निघतो, किती वेळाने निघतो, ते टिपायचं. एकूण तीन ओळी.

पहिली ओळ. रंग वरच्या विहिरीत सोडला, सोमवारी सकाळी. खालच्या विहिरीत दिसला बुधवारी दुपारी.

दुसरी ओळ. रंग खालच्या विहिरीत सोडला. वरच्या विहिरीवर पाच दिवस नजर ठेवली. दिसला नाही.

गिरिधरने ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. खालून वर काहीच येत नव्हतं. मग तो तिसऱ्या ओळीवर आला. रंग सोडला, वरच्या मोहल्ल्यातल्या मागच्या बोळातल्या टाकीत. तीन घरांचे क्रमांक दिले होते. वरच्या विहिरीत दिसला एकोणीस तासांनी.

तिन्हींतला मधला क्रमांक त्याच्या घराचा होता.

तो उठून खिडकीशी गेला, परत आला, तक्ता उलटा करून ठेवला, पुन्हा सुलटा केला. लगतची बांधकामं. दोन शब्द, आणि तेच त्याने गाळले होते.

पांढरीपांडे साहेब साडेदहाला आले. चांगला माणूस. कामाला वाघ, कोणाच्या अध्यात ना मध्यात. गिरिधरने बाड त्यांच्यासमोर ठेवलं.

"साहेब, तक्त्याप्रमाणे पाणी वरून खाली जातं. टाकीतून विहिरीत, तिथून खालच्या विहिरीत. उलट जात नाही."

"बरोबर. खडकाला भेगा आहेत आणि उतार तलावाकडे आहे."

"मग इंटरकनेक्टेड काहून लिहिलं?" घाईत त्याच्या तोंडून घरची बोली निघून गेली.

साहेबांनी चष्मा पुसला. "कारण जोडलेलं आहेच ना. खोटं काय त्यात?"

"खोटं नाही. पण त्याने असं वाटतं की हिचं तिच्यात जातं तसं तिचंही हिच्यात येतं."

"भोयर, वीस वर्षं मी अहवाल लिहितोय. टाकीमुळे विहीर नासली असं लिहिलं, की टाकी कोणाची, परवानगी कोणी दिली, पाहणी कोणी केली, सगळं मागोमाग येतं. परवानगी आपल्याच खात्याने दिली आहे. इंटरकनेक्टेड म्हटलं की कोणी कोणाला काही केलेलं नसतं. सगळं नुसतं असतं. म्हणून तर हा शब्द वापरतात."

"मराठीत तसं होत नाही. जोडलेल्या म्हटलं की कोणीतरी जोडल्या असं होतं. माझ्या आईनेच सांगितलं मला."

"मग ती तुमची अडचण," साहेब म्हणाले. पण त्यांनीच आवाज खाली आणला. "त्या म्हाताऱ्याचं मी ऐकलं. वाईट झालं. पण नोटीस कचेरीची आहे, तुमची नाही. तुमचं नाव कुठेच नाही तिच्यावर. सुधारित नोटीस काढायची तर चूक कबूल करावी लागेल, आणि मी सही करणार नाही. जा, काम करा."

गिरिधर जागेवर जाऊन बसला. समोर कागद ओढला. वही उघडली आणि एकेक शब्द उतरवून पाहू लागला. संलग्न. हे तर महाविद्यालयांचं असतं. संबंधित. यात गुन्ह्याचा वास. निगडित. गुंतलेल्या. एकमेकींना लागून. प्रत्येक शब्द त्याने वाक्यात बसवला आणि प्रत्येकाने काहीतरी लपवलं. नऊशे शब्दांच्या वहीत एकही उपयोगाचा निघाला नाही. बारा वाजता कचेरी रिकामी होऊ लागली तेव्हा त्याने तक्त्याच्या तिन्ही ओळी वहीच्या कोऱ्या पानावर उतरवून घेतल्या. कचेरीच्या कागदातलं काही बाहेर नेणं नियमाविरुद्ध होतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आकडे दोनदा पडताळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नाला ओलांडून खाली गेला. छत्तीस वर्षं तो या उतारावर राहत होता आणि खालच्या वस्तीत त्याने पहिल्यांदा पाऊल टाकलं. माणसं टँकरच्या रांगेतून बघत होती.

रामाजीच्या अंगणात गुडघाभर खोल चर होते. रामाजी दाराशी बाजेवर बसला होता. मनगटाला पांढरं प्लास्टर, हात गळ्यातल्या फडक्यात. सत्तरीचा, काटक, खांदे अजून रुंद. शेजारी त्याची मुलगी सिंधू विटा एकावर एक रचत होती. ती शाळेत मास्तरीण होती. आईच्या मरणासाठी आली ती इथेच थांबली होती.

"मी गिरिधर भोयर. वरचा."

"ओयखतो," रामाजी म्हणाला. "तुमचे बाप वरून पानी घालत. धार बारीक सोडत, पन सोडत."

गिरिधरने वही एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तो उभाच राहिला. सिंधूने बसायला काही दिलं नाही.

"ती नोटीस मी लिहिली," तो शेवटी म्हणाला. "शब्द चुकला माझा. जोडलेल्या म्हणजे पाइपने जोडलेल्या असं मला म्हणायचं नव्हतं."

"मंग काय म्हनाचं होतं?" सिंधूने विचारलं.

"आतून, जमिनीतून पाणी..."

"थांब वं," रामाजीने तिला अडवलं. तो गिरिधरकडे नीट वळला. "दोन्ही इहिरी एका शिरेवर हायेत असं म्हन्ता का?" आणि गिरिधरचा चेहरा पाहून त्याने समजावलं, "शीर म्हन्जे जमिनीतली पान्याची धार. खडकाच्या भेगंतून चालते. आमी खोदनारे तिलेच शोधत जातो."

"हो. एका शिरेवर."

रामाजीने समोरच्या चरांकडे पाहिलं. "हे मले तवाच समजाले पायजे होतं," तो म्हणाला. "बेचाळीस हातांवर पानी लागलं तवा चव घेतली होती मी. वयखीची वाटली. लहानपनी तेच पेलो होतो ना. पन मनात आनलं नाई. मले वाटे, सुटलो आता. आपलं पानी आपल्या जाग्यावर."

"अजून आहे," गिरिधर म्हणाला. त्याने वही उघडली. बोट ठेवून वाचून दाखवू लागला. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी ओळ. तिसऱ्या ओळीतले घरांचे क्रमांक त्याने वाचले आणि म्हणाला, "मधला आमचा."

सिंधूच्या हातातली वीट हातातच राहिली.

"म्हन्जे," रामाजी सावकाश म्हणाला, "पारबती तुमच्या टाकीनं गेली."

‘तसं नक्की सांगता येत नाही’ हे वाक्य गिरिधरच्या जिभेवर आलं होतं. कचेरीत रोज लिहायचं वाक्य. त्याने ते गिळलं.

"हो," तो म्हणाला.

रामाजीने प्लास्टरचा हात दुसऱ्या हाताने धरला आणि डोळे मिटून घेतले. सिंधू उठली, आत गेली, आणि आतून भांडं आदळल्याचा आवाज आला. गिरिधरला वाटलं आता निघावं. वाटलं की निघालो तर पुन्हा येणं होणार नाही. तो उन्हात उभा राहिला. पायांखालची मोकळी माती सारखी सरकत होती आणि त्याला पाय बदलत राहावं लागत होतं.

सिंधू बाहेर आली ती कागद आणि दौत घेऊन. "इथी बसा," तिने बाजेच्या पायथ्याकडे बोट दाखवलं. "अर्ज लिवा. कलेक्टरच्या नावानं. तुमचे शब्द चांगले असते ना?"

"तिच्या दाखल्यावर कावीळ लिवलं हाय," रामाजी डोळे न उघडता म्हणाला. "कायनं झाली ते नाई लिवलं. ते लिवा."

गिरिधर बसला. ‘विनंती विशेष’ पर्यंत लेखणी नीट चालली. मग थांबली. "‘सदर टाकी आणि विहिरी या परस्पर...’" तो स्वतःशी पुटपुटला.

"काय परस्पर?" रामाजीने डोळे उघडले. "परस्पर काई नाई. आमच्या इहिरीतून तुमच्याकडं काई जाते का?"

"नाही."

"मंग लिवा, येते. टाकीतून वरच्या इहिरीत येते. वरच्या इहिरीतून खालच्या इहिरीत येते. बस."

गिरिधरने तसंच लिहिलं. खाली तक्ता उतरवला. मग रामाजीने न सांगता एक ओळ घातली, की या टाकीवर अर्ज लिहून देणाऱ्याचाही संडास आहे, आणि स्वतःची सही केली. रामाजीने उजव्या हाताने, वस्तीच्या रात्रशाळेत शिकलेल्या मोठ्या अक्षरांत, नाव लिहिलं.

घरी जाताना तो सरळ गेला नाही. चौकात नोटिशीसमोर थांबला. रविवार असल्याने पाराभोवती माणसं होती, चंपतरावही होते. गिरिधरला भाषण करता येत नव्हतं. त्याने वही उघडली आणि त्या तीन ओळी मोठ्याने वाचल्या, रामाजीच्या शब्दांत. येते, येते, येत नाही. वाचून झाल्यावर चंपतरावांचा भाऊ पुढे आला. "खालचं पानी पिऊन आला वाट्टे," तो म्हणाला. दोघं-चौघं हसले. बाकीचे हसले नाहीत. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरी कावीळ झाली होती, आणि बोळातली ती टाकी विहिरीपासून किती लांब आहे हे प्रत्येकाला न मोजता ठाऊक होतं.

"भावासारखा मानला तुमाले," चंपतराव एवढंच बोलले आणि घरात गेले. त्यानंतर ते त्याच्याशी कधी बोलले नाहीत.

आईला त्याने स्वतः सांगितलं. रंभाबाईने पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हन्जे त्यायच्याच्यानं आपल्याले नाई झालं?"

"नाही. आपल्यामुळे आपल्याला झालं. आणि त्यांनाही."

"कौसल्येले बी आपल्याच टाकीनं?"

"हो."

ती उठली, सुनेच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. कौसल्या झोपली होती. रंभाबाई उंबऱ्यावर बसली आणि पदराच्या टोकाला पीळ देत राहिली. दुपारचं जेवण त्या दिवशी कोणीच वाढलं नाही.

अर्जावर चौकशी लागली. जूनमध्ये टाकी उपसून बुजवली. चंपतरावांनी तीन महिने तक्रारी केल्या. हात मोडल्याचा खटला उभा राहिला, लांबत गेला आणि साक्षीदार फिरल्याने पडला. पार्वतीबाईच्या दाखल्यात काही फेर झाला नाही, पण चौकशीच्या निकालात तिचं नाव आलं आणि त्याची नक्कल सिंधूने हट्टाने मिळवली. गिरिधरला कचेरीच्या कागदातली माहिती बाहेर नेल्याबद्दल ताकीद मिळाली आणि काटोलच्या शाखेत बदली झाली. तिथे मराठी करण्यासारखं काही नव्हतं, आवक-जावक लिहायची. रोज पहाटेची एसटी, संत्र्याच्या पेट्यांवर पाय ठेवून उभं राहायचं, संध्याकाळी परत. पांढरीपांडे साहेब निरोपाला दारापर्यंत आले होते. "माझा शब्द चुकीचा नव्हता, भोयर," ते म्हणाले. गिरिधरने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

नवं काम सोपं होतं, पण त्याला चैन पडत नसे. रविवार आला की तो नाला ओलांडून खाली जायचा. बोलावणं नसायचं. रामाजी कठडा पुन्हा बांधत होता आणि एक हात अजून कच्चा होता, म्हणून गिरिधर विटा देत उभा राहायचा. सिंधू असली की बोलायची नाही. पार्वतीबाईचा विषय निघाला की तिघंही आपापल्या कामाकडे बघायचे.

दिवाळीनंतर पाणी तीनदा तपासलं गेलं आणि तिन्ही वेळा स्वच्छ निघालं. विहिरींवरच्या फळ्या निघाल्या त्या दिवशी रविवार होता. वस्ती जमली होती. रामाजीने बादली सोडली, सावकाश ओढून काढली, पेला बुडवला आणि घटाघटा प्यायला. मग उरलेलं पाणी हातावर घेऊन त्याने तोंडावरून फिरवलं.

गिरिधर कठड्याशेजारी उभा होता. त्याने हात पुढे केला. रामाजीने त्या हाताकडे पाहिलं, पण पेला दिला नाही.

"तुमी नाई," तो म्हणाला.

गिरिधरने हात मागे घेतला.

"काहून म्हन्ता?" रामाजी म्हणाला. "कागदावर स्वच्छ हाय, पन कागदाचा भरोसा मले राह्यला नाई. आधी मी पितो, म्हाताऱ्याचं काय जाते. महिनाभर पाहू. तुमच्या घरी बिमारीतून उठलेली बाई हाय. वरच्यायलेबी सांगा, उकयून प्या म्हना, इथचं बी अन् तिथचं बी."

गिरिधर वर आला तेव्हा रंभाबाई विहिरीवर जायला घागर घासत होती. त्याने निरोप सांगितला. तिने ऐकलं, घागर पालथी घातली आणि चूल पेटवायला घेतली. मग विचारलं, "कोन म्हन्लं?"

"रामाजी."

"हं," ती म्हणाली, आणि पाणी उकळायला मोठं पातेलं शोधू लागली.